इंजिन बांधले, पण गाडी तापते : आधी तपासा, मग उघडा

आठवडी बाजार करणारा कापड विक्रेता असो, खेड्यापाड्यांतून फेरी करणारा कटलरीवाला असो किंवा कारखान्यातून घडीचा माल पोचविणारा कारागीर असो, या सर्वांचा धंदा आज मोटारसायकलवर चालतो. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये पडली की दोन बाजार बुडतात आणि उधारीची वसुलीही मागे पडते. म्हणून या पानावर आज भाव आणि बाजार यांऐवजी इंजिनाविषयी लिहीत आहोत.

तक्रार नेहमीची आहे. जुन्या गाडीने ऑइल खायला सुरुवात केली, धूर दिसू लागला, म्हणून मालकाने 'हाफ इंजिन' करून घेतले. बोअर मारला, नवा पिस्टन आणि रिंगा पडल्या, व्हॉल्व्ह घासून बसविले. पैसे देऊन गाडी घरी आली आणि पहिल्याच फेरीत इंजिन भयंकर तापू लागले. काम करणारा मिस्त्री म्हणतो, "नवीन काम आहे, चालू द्या." दुसरा मिस्त्री म्हणतो, "बोअर टाइट आहे, पुन्हा खोला." मालक मधल्या मधे सापडतो.

हे दोन्ही सल्ले न तपासता मानणे धोक्याचे आहे. खरा दोष असताना गाडी तशीच दामटली, तर पिस्टन बोअरमध्ये धरतो आणि केलेले सगळे काम वाया जाते. उलट दोष बाहेर असताना इंजिन खोलले, तर नवे पॅकिंग, नवी मजुरी आणि बुडालेले बाजार यांचा भुर्दंड विनाकारण पडतो. शिवाय ब्लॉकचे आयुष्य मोजके असते. जादा मापाचे पिस्टन पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात, आणि सगळी मापे बाजारात मिळतीलच असेही नाही. प्रत्येक वेळी बोअर मारला की एक पायरी संपते.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, मिस्त्री नव्हे. परंतु मालेगावहून आमचा माल गेली तीस वर्षे अशाच छोट्या गाड्यांवरून गावोगाव जात आहे आणि चांगल्या मिस्त्रींच्या शेजारी बसून आम्ही बरेच पाहिले आहे. ताग्यात दोष दिसला की आम्ही लगेच माग खोलत नाही. आधी सूत पाहतो, मग ताणा-बाणा, मग मागाची सेटिंग. इंजिनालाही हाच कायदा लागू आहे : स्वस्त आणि सोपी तपासणी आधी, महाग आणि अवघड तपासणी शेवटी, आणि एका वेळी एकच बदल.

कोणत्या इंजिनाविषयी बोलत आहोत

आपल्या भागात सर्वांत जास्त दिसणारे इंजिन म्हणजे हिरो होंडाचे. १९८५ मध्ये सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. दोन्हींचे इंजिन ९७.२ सीसीचे, बोअर ५० मि.मी. आणि स्ट्रोक ४९.५ मि.मी. २०११ मध्ये कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले, तरी हे इंजिन पुढे चालूच राहिले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. त्यामुळे कार्बोरेटरविषयी पुढे जे लिहिले आहे ते त्यापूर्वीच्या गाड्यांकरिता समजावे. बाकीचे सर्व मुद्दे दुसऱ्या कंपन्यांच्या हवेवर थंड होणाऱ्या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांनाही लागू पडतात.

या इंजिनात रेडिएटर नसतो. जळालेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने चौथा हिस्सा चाकाला मिळतो. उरलेली उष्णता काही सायलेन्सरवाटे, काही ऑइलमधून आणि काही हेड-ब्लॉकच्या फिन्समधून बाहेर पडते. फिन्स म्हणजे बाहेरच्या त्या पातळ पात्या. त्यांना वारा लागला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी असते.

एक गैरसमज येथेच दूर करतो. "बोअर मोठा झाला म्हणून गाडी तापते" असे सर्रास सांगितले जाते. ५० मि.मी.चा बोअर अर्धा मिलिमीटर वाढला तर इंजिन ९७.२ वरून सुमारे ९९ सीसी होते, म्हणजे वाढ फक्त दोन टक्के. एवढ्याने इंजिन भट्टीसारखे तापत नाही. कारण दुसरीकडे शोधावे.

खरोखर तापते आहे का?

पुष्कळ लोक इंजिनावर पाण्याचा थेंब टाकतात आणि तो 'छन्' करून उडाला की घाबरतात. निरोगी इंजिनाचे हेडसुद्धा चालून आल्यावर शंभर अंशांच्या वर असते. तेव्हा थेंब उडणारच. हात लावून पाहणे हीदेखील परीक्षा नव्हे, त्याने हात मात्र भाजेल.

खरी परीक्षा तुलनेने होते. त्याच मॉडेलची दुसरी चांगली गाडी घ्यावी. दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने, सारख्या वजनाने, दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणाव्यात. लांबून तापमान दाखविणारी पिस्तुलासारखी यंत्रे आता पुष्कळ गॅरेजमध्ये असतात. त्याने दोन्ही इंजिनांवर प्लगजवळच्या एकाच जागी माप घ्यावे. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र खरे माप देत नाही, कमी दाखविते. म्हणून दोन्हींवर त्या जागी उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्यावा.

दुसरी परीक्षा वहीची. नव्या रिंगा नव्या बोअरवर घासतात, त्यामुळे पहिले काहीशे किलोमीटर इंजिन थोडे जास्त तापते. हे रास्त आहे. रोजची फेरी, किलोमीटर आणि माप वहीत लिहावे. उष्णता दिवसागणिक उतरत असेल तर काम बसते आहे, तसल्ली ठेवावी. आहे तशीच राहिली किंवा चढत गेली तर दोष आहे.

खऱ्या दोषाच्या खुणा अशा : तापल्यावर चढावर गाडीचा दम जातो, रेस दिल्यावर हेडमधून टणटण असा बारीक आवाज येतो, चावी बंद केल्यावरही इंजिन एक-दोन गचके खाते, ऑइलला जळका वास येतो, किंवा गरम इंजिनाची किक थंड इंजिनापेक्षा जड लागते. यांपैकी एकही खूण दिसली तर माल लादून लांबची फेरी करू नये.

आधी इंजिनाबाहेर पाहा

गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे. ते लगेच थांबत असेल तर ब्रेक धरतो आहे किंवा चेन फार ताणली आहे. गाडी गॅरेजमध्ये असताना ब्रेक आणि चेन आवळली जाते आणि मग इंजिनाला विनाकारण ओझे ओढावे लागते. पुढचे चाकही असेच पाहावे. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी पळत नाही. मालक रेस वाढवत राहतो आणि उष्णताही वाढत राहते.

त्यानंतर वारा. आमच्या कापडवाल्या बांधवांकरिता हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना गाठोडी बांधतात आणि ती पुढे सरकून थेट इंजिनाला टेकतात. लेगगार्डवर पिशव्या लटकवितात. मग फिन्सना वारा मिळणार कसा? मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, त्यात हे आच्छादन. माल सीटच्या मागे बांधावा आणि इंजिनासमोरची जागा मोकळी ठेवावी. फिन्समध्ये चिखल आणि ऑइलचा थर असेल तर तो खरवडून काढावा. इंजिन सुंदर दिसावे म्हणून काही ठिकाणी त्यावर जाड रंग मारून देतात, तोही उष्णता अडवितो.

सायलेन्सरही पाहावा. जुने इंजिन ऑइल खात होते, म्हणजे सायलेन्सरमध्ये काजळी साचली असण्याचा संभव आहे. काम चालू असताना कचरा आत जाऊ नये म्हणून बेंड पाइपच्या तोंडात कोंबलेली चिंधी आतच राहून जाण्याचे प्रकारही घडतात.

ऑइल : किती, कोणते आणि कुठपर्यंत

कंपनीच्या पुस्तिकेत ऑइलची दोन मापे दिलेली असतात. एक नुसते ऑइल बदलताना, दुसरे इंजिन खोलल्यानंतर. दुसरे माप जास्त असते, कारण खोललेल्या इंजिनाच्या नळ्या आणि कोपरे कोरडे असतात. मिस्त्रीने सवयीने पहिल्या मापाने ऑइल टाकले, तर पहिल्या दिवसापासून ऑइल कमीच. इंजिन थोडा वेळ चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटांनी सपाट जमिनीवर मेन स्टँडवर पट्टी पाहावी. या इंजिनात पट्टी पुसून नुसती टेकवून माप घेतात, आटे फिरवून नाही. ऑइल जास्त भरणेही चुकीचे, कारण क्रँक ते घुसळतो, त्यात फेस होतो आणि उष्णता वाढते.

ऑइल दुचाकीचेच हवे. डब्यावर 'जासो एमए' असा दर्जा पाहावा. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीचे निसरडे ऑइल टाकल्यास तो घसरू शकतो.

तिसरा प्रश्न, ऑइल हेडपर्यंत चढते का? हेडकडे जाणारी वाट पॅकिंगमधूनच जाते. पॅकिंग उलटे बसले, छोटी रबरी रिंग राहून गेली किंवा चिकटपट्ट्याचा लोंदा वाटेत अडकला, तर खाली ऑइल पूर्ण असूनही वर कॅमशाफ्ट कोरडा राहतो. थंड इंजिनाचे टॅपेटचे झाकण काढून, स्लो रेसवर क्षणभर चालवून, ऑइल वर पोचते का ते मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. ऑइल दिसले नाही तर इंजिन तत्काळ बंद करावे. येथे एक किलोमीटरही चालविणे नुकसानीचे आहे.

प्लग काय सांगतो

प्लग ही इंजिनाची जीभ आहे. गाडी चांगली ओढून चालवावी, मग चावी बंद करून क्लच दाबून रस्त्याच्या कडेला थांबवावी, आणि थंड झाल्यावर प्लग काढावा. टोकाची चिनी माती फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरी फटक, फोड आल्यासारखी असेल तर आत पेट्रोल कमी आणि हवा जास्त. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओली चिकट म्हणजे ऑइल वर येते आहे.

प्लगचा नंबरही जुळला पाहिजे. येथे एक फसगत आहे. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशमध्ये उलट, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. आपल्या जुन्या परिचयाची मायको कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेतला की मामला उलटा होतो. पुस्तिकेत दिलेला प्लगच घ्यावा.

पेट्रोल कमी पडण्याची कारणे इंजिनकामानंतर बहुतेक एकाच जागी सापडतात : कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला जोड. आमच्या पेढीवरील वसुलीच्या गाडीचा असाच मामला होता. बोअर-पिस्टन झाल्यावर ती राहुड घाटात दम सोडू लागली. इंजिन पुन्हा खोलण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या एका अनुभवी मिस्त्रीने इंजिनाला हात न लावता फक्त रेस देऊन सोडली. रेस लगेच खाली येईना, वरच रेंगाळू लागली. त्याने जोडावर ब्रशने थोडे ऑइल लावले, तशी इंजिनाची चाल बदलली. जोडातील रबरी रिंग कापली गेली होती आणि तेथून हवा शिरत होती. रिंग बदलली आणि गाडी तोच घाट मालासकट चढून गेली.

आणखी एक सोपी परीक्षा चोकची. इंजिन गरम असताना चोक अगदी थोडा ओढावा. निरोगी इंजिन त्याने गुदमरते. उलट ते सुधारले, तर पेट्रोल कमी पडते आहे. मग जेट साफ आहे का, जेटचा नंबर मूळचाच आहे का, एअर फिल्टर जागेवर आहे का, टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले आहे का, हे क्रमाने पाहावे.

आजच्या पेट्रोलविषयीही सांगितले पाहिजे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वसाधारण झाले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याच जेटमधून जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण थोडे पातळ होते. एवढ्याने निरोगी इंजिन बिघडत नाही. पण जोडातून आधीच हवा शिरत असेल, तर त्यात ही भर पडते.

टॅपेट आणि टायमिंग

एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आगीत उभा असतो. बंद झाल्यावर तो सीटवर टेकतो आणि तेथूनच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. टॅपेट टाइट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, तापत राहतो आणि शेवटी जळतो. व्हॉल्व्ह नव्याने घासून बसविले की ते सीटमध्ये थोडे आणखी बसतात आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. म्हणून काम झाल्यावर पाचशे किलोमीटरच्या आत टॅपेट पुन्हा तपासलेच पाहिजे. ते पूर्ण थंड इंजिनावर, फीलर गेज घालून, पुस्तिकेतील मापाने तपासावे. कानाने आवाज ऐकून टॅपेट लावणाऱ्याची तारीफ होते, पण गरम इंजिनावर कानाचा अंदाज चुकतो.

टायमिंग चेन एक दात पुढे-मागे बसली तर गाडी चालू होते, मात्र ओढत नाही, किक जास्त मागते आणि तापते. मॅग्नेटवरील 'टी' खूण जुळविली असता कॅमच्या दातेरी चाकाची खूण हेडवरील खुणेशी जुळली पाहिजे. दहा मिनिटांचे हे काम आहे, ब्लॉक काढावा लागत नाही. ठिणगी उशिरा पडत असेल तर आग सायलेन्सरकडे जाताना जळत राहते, बेंड पाइप लवकर निळा पडतो. मॅग्नेट काढून बसविला असेल तर त्याची चावी कापली गेली आहे का, तेही पाहावे.

शेवटी बोअर

वरील सर्व तपासून झाले आणि तरीही गरम इंजिनाची किक जड लागते, थंड झाल्यावर ती हलकी होते, तेव्हाच बोअर-पिस्टनवर संशय घ्यावा. पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि बोअर बिडाचा. शंभर अंश तापमान वाढले तर ५० मि.मी.चा पिस्टन सुमारे एक दशांश मिलिमीटर फुगतो, बीड त्याच्या निम्म्यानेच फुगते. म्हणून पिस्टन वरच्या बाजूला निमुळता केलेला असतो आणि त्याच्या अंगाला केसाहूनही बारीक फट ठेवलेली असते. लेथवाल्याने ही फट प्रत्यक्ष आणलेला पिस्टन मोजून ठेवायची असते. डब्यावरील माप वाचून बोअर मारणाऱ्याकडे काम देऊ नये. रिंगांच्या टोकांमधील फटही बोअरमध्ये रिंग घालून मोजली पाहिजे. ती नसेल तर तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात.

इंजिन खोलले की पिस्टनवरील ओरखडे वाचावेत. अंगाला चार कोपऱ्यांत चट्टे असतील तर फट कमी होती. एग्झॉस्टच्या बाजूला चट्टे असतील तर उष्णता किंवा ऑइलची टंचाई. या खुणा पाहण्याआधी कोणालाही पिस्टन घासू देऊ नये. पुरावा त्यातच आहे.

बांधल्यानंतर कशी चालवावी

नवे काम 'बसविण्याकरिता' गाडी स्टँडवर तासन्‌तास स्लो रेसवर चालू ठेवण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला यापेक्षा वाईट काही नाही, कारण उभ्या गाडीला वारा लागत नाही. चालवावी लागलीच तर समोर पंखा लावावा, जागा मोकळी असावी आणि काही मिनिटांत बंद करावी.

पहिले पाचशे किलोमीटर माल कमी, रेस अर्ध्याच्या आत, पण एकाच वेगाने लांबवर नाही. वेग थोडा कमी-जास्त होत राहिला म्हणजे रिंगा नीट बसतात. सुरुवातीच्या घासण्यातून धातूची भुकटी ऑइलमध्ये येते, म्हणून पहिले ऑइल लवकर बदलावे आणि त्याच वेळी जाळी साफ करावी. चालत्या गाडीत पिस्टन धरल्यासारखे वाटले तर ताबडतोब क्लच दाबून थांबावे, इंजिन आपोआप थंड होऊ द्यावे. पाणी ओतू नये, गरम हेडला तडा जाईल किंवा ते वाकेल.

मिस्त्रीशी व्यवहार

भांडण बहुधा काम झाल्यावर होते, कारण काम देताना काहीच लिहिलेले नसते. आपण सुताचा काउंट आणि वजन लिहिल्याशिवाय माल उचलत नाही, मग इंजिन तोंडी का द्यावे? साध्या चिठ्ठीवर एवढे असावे : पिस्टनचे माप, बोअर कोणी मारला आणि फट किती ठेवली, रिंगेची फट, टॅपेटचे माप, ऑइल किती व कोणते, आणि पाचशे किलोमीटरनंतरच्या तपासणीची मजुरी त्यातच धरली आहे की नाही. जुने सुटे भाग परत घ्यावेत. चांगला मिस्त्री यास हरकत घेणार नाही, उलट त्याचेही रक्षण होते. गाडी तापली तर कोणाचे काम पुन्हा पाहायचे, लेथवाल्याचे की जोडणाऱ्याचे, हे त्या चिठ्ठीवरून ठरते.

आमच्या मिस्त्री बांधवांनाही एक विनंती. ग्राहक गाडी तापते म्हणून परत आला की पाना उचलण्यापूर्वी त्याच्यासोबत एक चक्कर मारावी, चाक फिरवून पाहावे, ऑइल आणि प्लग पाहावा. अर्ध्या तासाच्या या तपासणीने दोन दिवसांचे काम वाचते. आणि ज्या गरिबाचा बाजार तुम्ही बुडू दिला नाही, तो पुढची गाडी दुसऱ्याकडे नेणार नाही.